धर्मगुरूंसाठी इंग्रजीत नेमका कोणता शब्द? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोप, इमाम, रब्बी, शंकराचार्य, दलाई लामा या सगळ्यांना मराठीत 'धर्मगुरू' म्हणून भागतं. इंग्रजीत लिहायला बसलं की मात्र हात अडखळतो. प्रीस्ट लिहावं की क्लेरिक? पास्टर आणि फादर एकच का? भाषांतर करणारे, बातम्या लिहिणारे, इंग्रजी शिकवणारे आणि दुसऱ्या धर्मातल्या लग्नाला किंवा अंत्यविधीला जायची वेळ आलेले वाचक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरं देताना एक धोरण पाळलं आहे. ज्या समाजाचा तो धर्मगुरू, त्या समाजाने इंग्रजीत स्वतःसाठी स्वीकारलेला शब्द आधी. बाहेरच्यांच्या सोयीचा शब्द नंतर.

'धर्मगुरू'साठी इंग्रजीत एकच सर्वसमावेशक शब्द नाही का?

आहे, पण तो दोन शब्दांचा आहे: 'रिलिजस लीडर'. कोणत्याही धर्माला चालतो, कोणाला खुपत नाही. निरनिराळ्या धर्मांचे प्रतिनिधी एका व्यासपीठावर आले असतील तर 'रिलिजस लीडर्स' किंवा 'फेथ लीडर्स' लिहून मोकळं व्हावं.

'क्लर्जी' हा शब्द समूहाचा आहे. एका माणसाला 'अ क्लर्जी' म्हणत नाहीत. 'अ मेंबर ऑफ द क्लर्जी' म्हणतात. 'क्लर्जीमन' आणि 'क्लर्जीवुमन' हेही शब्द आहेत. 'क्लर्जी'ला ख्रिस्ती चर्चचा वास आहे, त्यामुळे दुसऱ्या धर्मांसाठी तो जपून वापरावा. 'क्लेरिक' हा त्याचा भाऊबंद आजच्या बातम्यांत बहुतेक वेळा मुस्लीम धर्मपंडितांसाठी येतो. कार्यालयातला 'क्लार्क' याच घराण्यातला. मध्ययुगीन युरोपात लिहिता-वाचता येणारा माणूस बहुधा चर्चमधलाच असे, म्हणून लिखापढी करणाऱ्यालाही तेच नाव चिकटलं.

धर्मगुरू नसलेले सामान्य अनुयायी म्हणजे 'लेइटी'. त्यातली एक व्यक्ती म्हणजे 'ले पर्सन'. डॉक्टर आणि वकील 'लेमन' म्हणतात तेव्हा त्यांना आपल्या विद्येबाहेरचा माणूस अभिप्रेत असतो. तो अर्थ इथूनच गेला आहे.

प्रत्येकाला 'प्रीस्ट' म्हटलं तर काय बिघडतं?

बरंच काही, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. 'प्रीस्ट' म्हणजे लोकांच्या वतीने देवापुढे विधी करण्याचा अधिकार असलेला माणूस. हा अधिकार त्याला दीक्षेने मिळतो किंवा घराण्याने. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्च, हिंदू मंदिर, पारशी अग्यारी, जपानमधलं शिंतो मंदिर इथे हा शब्द बरोबर बसतो.

इमाम नमाजात पुढे उभा राहतो, पण देव आणि भक्त यांच्यामधला मध्यस्थ नसतो. रब्बी हा धर्मशास्त्राचा शिक्षक. शिवाय ज्यू धर्मात प्रीस्ट वेगळे होतेच. जेरुसलेमच्या मंदिरात यज्ञबली अर्पण करणारे ते 'कोहेन' घराण्यांतले लोक. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर उद्ध्वस्त केलं, बळींची प्रथा थांबली आणि समाजाचं नेतृत्व हळूहळू रब्बींकडे आलं. कोहेन आडनावाची आणि वंशाची माणसं आजही आहेत, सिनेगॉगमध्ये त्यांना काही खास मान आहेत. रब्बीला 'ज्यूइश प्रीस्ट' लिहिलं की दोन हजार वर्षांचा हा सगळा फरक पुसला जातो.

प्रोटेस्टंट पंथांचा नकार तर जाणीवपूर्वक आहे. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी मांडलं की श्रद्धा ठेवणारा प्रत्येक ख्रिस्ती माणूस देवासमोर प्रीस्टच आहे, मध्ये कोणी लागत नाही. त्यामुळे अनेक प्रोटेस्टंट चर्चमध्ये 'प्रीस्ट' हे पदच नाही.

शब्द निवडताना स्वतःला विचारा: हा माणूस मुख्यतः काय करतो? विधी करतो, शास्त्र सांगतो, प्रार्थना चालवतो, संसार सोडून राहतो, की संस्था सांभाळतो? पोशाख पाहून शब्द ठरवला की हमखास चुकतो.

प्रीस्ट, पास्टर, मिनिस्टर, व्हिकर, रेव्हरंड आणि फादर यांत फरक काय?

'प्रीस्ट' हे पद. 'फादर' हे त्याला हाक मारण्याचं नाव. ओळख करून देताना 'ही इज अ प्रीस्ट' म्हणायचं आणि बोलावताना 'फादर'. 'ही इज अ फादर' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, त्याला मुलं आहेत.

'पास्टर' म्हणजे मुळात मेंढपाळ. येशूने स्वतःला चांगला मेंढपाळ म्हटलं आहे, तिथून हा शब्द आला. बॅप्टिस्ट, ल्यूथरन, पेंटेकोस्टल अशा प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या प्रमुखासाठी तो वापरतात. एक अडचण लक्षात ठेवा: अमेरिकेतले कॅथलिकसुद्धा 'पास्टर' म्हणतात, पण त्यांच्याकडे त्याचा अर्थ एखाद्या पॅरिशचा मुख्य प्रीस्ट असा होतो. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला परिसर आणि तिथली मंडळी.

'मिनिस्टर' म्हणजे सेवक. मंत्र्यांनाही तोच शब्द आहे आणि त्यांच्याही बाबतीत मूळ अर्थ सेवकच. बातम्यांच्या भाषांतरात हा शब्द खड्ड्यात घालतो. मूळ बातमीत एखाद्या मेथडिस्ट मिनिस्टरचं वक्तव्य असतं आणि मराठीत 'मंत्र्यांनी सांगितले' असं छापून येतं. आसपास 'चर्च', 'सर्मन' (प्रवचन), 'काँग्रिगेशन' (उपासनेला जमलेली मंडळी) असे शब्द दिसले की थांबून पाहावं.

'व्हिकर' हा चर्च ऑफ इंग्लंडचा शब्द. मूळ अर्थ बदली काम पाहणारा. पूर्वी एखाद्या पॅरिशचं पूर्ण उत्पन्न ज्याला मिळे तो 'रेक्टर' आणि त्याच्या जागी काम पाहणारा तो 'व्हिकर'. आज दोघांच्या कामात फारसा फरक उरलेला नाही. त्यांच्या हाताखाली शिकणारा नवा प्रीस्ट म्हणजे 'क्युरेट'. 'पार्सन' हा शब्द आता जुन्या कादंबऱ्यांतच जास्त भेटतो.

'रेव्हरंड' हे पद नाही, विशेषण आहे, अर्थ 'आदरणीय'. नीट लिहिताना त्याच्याआधी 'द' येतो आणि पुढे पूर्ण नाव: 'द रेव्हरंड मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर'. किंग हे बॅप्टिस्ट मिनिस्टर होते. बोलताना लोक सर्रास 'रेव्हरंड किंग' म्हणतात आणि अमेरिकेत ते रुळलं आहे. ब्रिटनमधले जुन्या वळणाचे लोक मात्र ते चूक मानतात. बिशपसाठी 'राइट रेव्हरंड', आर्चबिशपसाठी 'मोस्ट रेव्हरंड' आणि कॅथीड्रलच्या, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चच्या, डीनसाठी 'व्हेरी रेव्हरंड' अशा पायऱ्या आहेत.

कॅथलिक चर्चमधला क्रम कसा लावायचा?

दीक्षेचे टप्पे फक्त तीन: डीकन, प्रीस्ट, बिशप. बाकी सगळी नावं जबाबदारीची किंवा मानाची आहेत.

डीकन बाप्तिस्मा देऊ शकतो, लग्न लावू शकतो, प्रवचन करू शकतो. मास, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, मात्र अर्पण करू शकत नाही. विवाहित पुरुषही डीकन होऊ शकतो. बिशप म्हणजे देखरेख करणारा. त्याच्या कार्यक्षेत्राला 'डायोसिस' म्हणतात. मोठ्या किंवा महत्त्वाच्या डायोसिसचा प्रमुख तो आर्चबिशप.

कार्डिनल ही चौथी दीक्षा नव्हे. पोप निवडक धर्माधिकाऱ्यांना, बहुतेक वेळा बिशपांना, हा मान देतात. नवा पोप निवडण्याचा हक्क कार्डिनलांचा, तोही वयाची ८० वर्षं पूर्ण न झालेल्यांचा. त्या सभेला 'कॉन्क्लेव्ह' म्हणतात, कारण सदस्य निवड होईपर्यंत कुलुपाआड असतात. त्या शब्दात लॅटिनमधली किल्ली दडलेली आहे. दोन तृतीयांश मतं मिळाली की सिस्टिन चॅपेलच्या धुराड्यातून पांढरा धूर निघतो. २०२५ च्या ८ मे रोजी असाच धूर दिसला आणि चौदावे लिओ पोप झाले. अमेरिकेत जन्मलेले ते पहिले पोप.

पोप स्वतः रोमचे बिशप असतात. बातम्यांत त्यांच्यासाठी 'पाँटिफ' हा शब्द येतो, त्यांच्या अधिकारपीठासाठी 'होली सी' आणि विशेषण म्हणून 'पेपल'. 'होली सी' मधल्या 'सी'चा समुद्राशी काही संबंध नाही. तो आसन या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आला आहे आणि त्याच्या स्पेलिंगमध्ये दोन 'ई' आहेत.

ऑर्थोडॉक्स चर्चला पोप आहे का?

रोमसारखा नाही. तिथे अनेक स्वतंत्र चर्च आहेत आणि त्यांचे प्रमुख 'पेट्रिआर्क', 'मेट्रोपॉलिटन' किंवा 'आर्चबिशप' म्हणवतात. कॉन्स्टँटिनोपलचे पेट्रिआर्क मानाने पहिले, पण बाकीच्यांना हुकूम सोडण्याचा अधिकार त्यांना नाही. १९९१ पासून ही जागा बार्थोलोम्यू यांच्याकडे आहे. आर्मेनियन चर्चचा प्रमुख 'कॅथॉलिकॉस'. या शब्दावरून 'कॅथलिक' असं भाषांतर होताना दिसतं, ते टाळा.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पोप ही पदवी एकट्या रोमची नाही. इजिप्तमधल्या कॉप्टिक ऑर्थोडॉक्स चर्चच्या प्रमुखालाही पोप म्हणतात. २०१२ पासून दुसरे तवाद्रोस त्या जागी आहेत. बातमी इजिप्तची असेल तर कोणते पोप ते आधी पाहा.

मंक, फ्रायर, ब्रदर, नन आणि सिस्टर हे प्रीस्टच असतात का?

नाही. ही सगळी व्रतस्थ माणसं. दीक्षित प्रीस्ट असणं ही निराळी गोष्ट. काही मंक प्रीस्टही असतात, अनेक नसतात.

मंक मठात राहतो आणि त्याचं जगणं त्या मठाभोवती फिरतं. फ्रायर लोकांत मिसळून काम करतो. फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन हे फ्रायरांचे प्रसिद्ध संघ. मठप्रमुखाला 'ॲबट' म्हणतात, स्त्रियांच्या मठात 'ॲबेस'. नेमकेपणाने बोलायचं तर नन बंदिस्त मठात प्रार्थनामय जीवन जगते आणि शाळा, रुग्णालयं, वस्त्या इथे काम करणारी ती सिस्टर. रोजच्या इंग्रजीत दोघींनाही नन म्हणतात आणि त्यावर कोणी हरकत घेत नाही. हाक मात्र नेहमी 'सिस्टर'. 'नन' म्हणून कोणाला हाक मारू नये, ते उद्धट वाटतं.

इमाम, मौलवी, मुल्ला, मुफ्ती, काझी, आयातुल्ला : इंग्रजीत हे शब्द भाषांतरित करायचे का?

करू नयेत. इंग्रजीने हे सगळे शब्द जसेच्या तसे घेतले आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

इमाम सामूहिक नमाजाचं नेतृत्व करतो. सुन्नी परंपरेत चर्चसारखी दीक्षा नाही. कुराणाचं ज्ञान आणि समाजाचा विश्वास यांवर माणूस इमाम होतो. शिया परंपरेत हाच शब्द फार उंच चढतो. बारा इमाम मानणाऱ्या शियांसाठी ते पैगंबरांच्या घराण्यातले, दैवी मार्गदर्शन लाभलेले वारस. शियांच्याच निझारी इस्माइली पंथात इमामत आजही वंशाने चालते. फेब्रुवारी २०२५ मध्ये चौथ्या आगा खानांच्या निधनानंतर राजपुत्र रहीम त्यांचे पन्नासावे इमाम झाले. म्हणून 'इमाम' दिसला की आधी परंपरा कोणती ते पाहावं, मगच वाक्य लिहावं.

अजान देणारा तो 'म्युएझिन'; इस्लामचे पहिले म्युएझिन म्हणून बिलाल यांचं नाव आदराने घेतात. 'मुफ्ती' धर्मशास्त्रावर मत देतो, त्या मताला 'फतवा' म्हणतात. फतवा म्हणजे मृत्युदंडाचा हुकूम, ही समजूत १९८९ मधल्या लेखक सलमान रश्दींविरुद्धच्या फतव्यानंतर जगभर पसरली. प्रत्यक्षात उपवास, व्यापार, वारसा, औषधोपचार अशा साध्या प्रश्नांवर फतवे विचारले आणि दिले जातात. इंग्रजीत 'इश्यूड अ फतवा' लिहिताना कोणत्या विषयावर, ते त्याच वाक्यात सांगावं. वाचकाच्या मनातली भीती तेवढ्याने कमी होते. 'काझी' न्याय करतो. 'उलेमा' हे मुळात अनेकवचन आहे, म्हणजे विद्वान मंडळी. एका विद्वानाला 'उलेमा' म्हणू नये. त्याला 'आलिम' किंवा सरळ 'इस्लामिक स्कॉलर' लिहावं.

'मौलाना' आणि 'मौलवी' दक्षिण आशियात प्रचलित आहेत. 'मुल्ला' हा इराण-अफगाणिस्तानकडचा नेहमीचा शब्द, पण इंग्रजी वृत्तपत्रांत त्याला हेटाळणीचा सूर लागला आहे. त्या व्यक्तीची ती पदवीच नसेल तर तो टाळलेला बरा. 'आयातुल्ला' ही शिया विद्वानांची वरची श्रेणी. अर्थ 'ईश्वराची खूण'. १९७९ च्या इराणी क्रांतीने हा शब्द इंग्रजीत घरोघरी नेला. 'खलिफा' ही पदवी मात्र आता बहुतांशी इतिहासाची. तुर्कस्तानने १९२४ मध्ये खिलाफत संपवली.

जाता जाता : ब्रिटिश इंग्रजीत 'इन मुफ्ती' म्हणजे गणवेशाऐवजी साध्या कपड्यांत. त्या वाक्यात धर्मपंडित शोधू नका.

रब्बी आणि रेबी एकच का?

नाही. रब्बी म्हणजे शिक्षण पुरं करून मान्यता मिळालेला धर्मशास्त्री. मूळ अर्थ 'माझे गुरुजी'. 'रेबी' हे हसिदी या ज्यू भक्तिपंथांच्या आध्यात्मिक प्रमुखाचं नाव. प्रार्थना गाऊन चालवणारा तो 'कँटर', हिब्रूत 'हझ्झान'. इस्राएलमध्ये दोन 'चीफ रब्बाय' असतात, एक अश्केनाझी आणि एक सेफार्दी परंपरेचे.

पुजारी, पुरोहित, स्वामी, महाराज, मठाधिपती : हिंदू परंपरेतल्या शब्दांचं काय?

मंदिरातल्या पुजाऱ्याला 'टेम्पल प्रीस्ट' किंवा 'हिंदू प्रीस्ट' म्हणता येतं. घरी येऊन संस्कार करणाऱ्या पुरोहितालाही 'प्रीस्ट' चालतो, पण त्याचं काम सांगून टाकलं तर वाचकाला जास्त कळतं: 'द प्रीस्ट हू कंडक्टेड द वेडिंग'.

संन्याशाला प्रीस्ट म्हणणं ही मोठी चूक. संन्यासी तर कर्मकांड मागे ठेवून निघालेला असतो. त्याला 'मंक', 'रिनन्सिएट' किंवा 'असेटिक' म्हणावं. 'स्वामी' आणि 'साधू' इंग्रजी शब्दकोशांत पूर्वीच पोचले आहेत, ते तसेच ठेवावेत. 'आचार्य' ठेवून सोबत 'टीचर' किंवा 'हेड ऑफ द ऑर्डर' असं एकदा सांगावं.

शंकराचार्यांसाठी भारतीय इंग्रजी वृत्तपत्रं 'सीअर' किंवा 'पाँटिफ' लिहितात. 'पाँटिफ' परदेशी वाचकाला थेट व्हॅटिकनला नेतो आणि 'सीअर' म्हणजे त्याच्या लेखी भविष्य पाहणारा. 'शंकराचार्य, द हेड ऑफ अ हिंदू मोनॅस्टिक ऑर्डर' असं लिहिलं तर कुठेही समजतं. महंत म्हणजे 'हेड ऑफ अ मोनॅस्टरी' किंवा संदर्भानुसार 'चीफ प्रीस्ट'. 'गॉडमन' हा शब्द भारतीय इंग्रजीतच घडला आणि त्यात संशय मुरलेला आहे. आदराने लिहायचं असेल तिथे तो कधीच वापरू नये, आणि बातमीतही एखाद्याला तो लावणं म्हणजे बातमीदाराने आपलं मत सांगून टाकणं.

कीर्तनकाराला मी 'प्रीचर' लिहिणार नाही. गाणं, आख्यान आणि निरूपण एकत्र बांधणारा हा माणूस त्या शब्दात मावत नाही. 'कीर्तनकार' ठेवून पुढे दोन ओळींत तो काय करतो ते सांगणं हेच योग्य.

इंग्रजीत 'गुरू' आणि 'पंडित' कोणालाही लावतात, ते का?

उधार घेतलेले शब्द नव्या घरी वेगळं वागतात. 'मॅनेजमेंट गुरू', 'फिटनेस गुरू' यांत गुरू म्हणजे नावाजलेला जाणकार. 'पंडित'चं इंग्रजीत 'पंडिट' झालं आणि दूरचित्रवाणीवर निवडणुकांचे अंदाज किंवा सामन्यांची चिकित्सा करणाऱ्यांना ते नाव मिळालं. धार्मिक अर्थ हवा असेल तर 'स्पिरिच्युअल टीचर' किंवा नावाआधी 'पंडित' ही पदवी म्हणून लिहावं. स्पेलिंगमध्ये तिथे 'यू' ऐवजी 'ए' येतो.

बौद्ध आणि जैन परंपरेत कोणते शब्द?

भिक्खूला 'मंक', भिक्खुणीला 'नन' हे शब्द रुळलेले आहेत. नावाआधी आदरार्थी 'व्हेनरेबल' लावतात. प्रत्येक तिबेटी भिक्खू लामा नसतो. लामा म्हणजे गुरू, त्या योग्यतेला पोचलेला. 'रिनपोछे' ही आदराची पदवी, बहुधा पुनर्जन्म मानलेल्या गुरूंना दिलेली. झेन परंपरेत ज्येष्ठ गुरूला 'रोशी' म्हणतात. 'दलाई' हा समुद्र या अर्थाचा मंगोल शब्द. मंगोल राजा अल्तान खानाने १५७८ मध्ये सोनम ग्यात्सो यांना ही पदवी दिली. सध्याचे चौदावे दलाई लामा तेन्झिन ग्यात्सो यांना १९८९ मध्ये नोबेल शांतता पुरस्कार मिळाला.

जैन मुनींना 'मंक' आणि साध्वींना 'नन' म्हणतात. सतत विहार करणाऱ्या या व्रतस्थांसाठी 'मेंडिकंट' हा शब्द अभ्यासक वापरतात आणि तो जास्त जुळतो, कारण ते एका मठात वस्ती करून राहत नाहीत.

गुरुद्वारातल्या ग्रंथींना 'शीख प्रीस्ट' म्हणायचं का?

म्हणू नये, वृत्तपत्रांत कितीही वेळा दिसलं तरी. शीख धर्मात पुरोहितवर्गच नाही. १७०८ मध्ये गुरू गोबिंदसिंगांनी गुरू ग्रंथ साहिब हाच पुढचा गुरू ठरवला. ग्रंथी त्या ग्रंथाचं पठण आणि देखभाल करतात. स्त्रीही ग्रंथी होऊ शकते. कीर्तन गाणारे ते 'रागी', तख्ताचे, म्हणजे शीख धर्मपीठाचे, प्रमुख ते 'जथेदार'. हे तिन्ही शब्द तसेच लिहावेत. शीख संदर्भात 'गुरू' हा शब्द दहा गुरू आणि गुरू ग्रंथ साहिब यांच्यापुरताच राखून ठेवावा.

पारशी धर्मगुरूंना काय म्हणतात?

'झोरोॲस्ट्रियन प्रीस्ट' बरोबर आहे. त्यांच्यात पौरोहित्य घराण्यातून चालत आलेलं आहे. 'मोबेद' हा सर्वसाधारण शब्द. 'नावर' हा दीक्षाविधी पूर्ण केलेला तरुण 'एरवद' होतो. 'दस्तूर' म्हणजे 'हाय प्रीस्ट'. प्राचीन इराणच्या अशाच पुरोहितांना ग्रीकांनी 'मॅगस' म्हटलं आणि त्यांच्या विद्येवरून 'मॅजिक' हा शब्द तयार झाला.

रुग्णालयात किंवा सैन्यात भेटणारा 'चॅप्लिन' कोणत्या धर्माचा?

कोणत्याही. चॅप्लिन हे पद संस्थेशी जोडलेलं असतं: रुग्णालय, तुरुंग, सैन्य, विद्यापीठ, विमानतळ. शब्द ख्रिस्ती मुळाचा, पण आज 'मुस्लीम चॅप्लिन', 'हिंदू चॅप्लिन', 'ज्यूइश चॅप्लिन' असे सगळे आहेत आणि श्रद्धा न मानणाऱ्यांसाठी 'ह्युमनिस्ट चॅप्लिन'सुद्धा. परदेशातल्या रुग्णालयात आपलं माणूस अत्यवस्थ असेल आणि परिचारिकेने 'वुड यू लाइक टू सी अ चॅप्लिन?' विचारलं, तर ती धर्मांतराची गोष्ट करत नसते. आधाराला कोणी हवं का, एवढंच ती विचारते. आपल्या धर्माचा माणूस मागता येतो: 'इज देअर अ हिंदू चॅप्लिन?' हे एक वाक्य पाठ असू द्या.

प्रत्यक्ष भेटल्यावर काय म्हणून बोलायचं?

कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स प्रीस्टला 'फादर'. प्रोटेस्टंट असेल तर 'पास्टर' आणि आडनाव. रब्बीला 'रॅबाय', इमामाला 'इमाम'. पोप आणि दलाई लामा यांना 'युअर होलिनेस', कार्डिनलला 'युअर एमिनन्स', कॅथलिक बिशपला 'युअर एक्सलन्सी'. कँटरबरीच्या आर्चबिशपना 'युअर ग्रेस' म्हणण्याची रीत आहे, पण नुसतं 'आर्चबिशप'ही चालतं. समोर बोलताना 'युअर', त्यांच्याविषयी बोलताना 'हिज' किंवा 'हर'. खात्री नसेल तर 'हाऊ शुड आय ॲड्रेस यू?' असं सरळ विचारावं. या प्रश्नाने कोणी दुखावत नाही.

हस्तांदोलनाची घाई करू नका. अनेक परंपरांत धर्मगुरू परक्या स्त्री-पुरुषाला स्पर्श करत नाहीत. समोरच्याने हात पुढे केला तर करावा.

स्त्री धर्मगुरूंसाठी वेगळे शब्द आहेत का?

बहुतेक ठिकाणी पदाचं नाव तेच राहतं: 'शी इज अ प्रीस्ट', 'शी इज अ बिशप', 'शी इज अ रॅबाय'. 'प्रीस्टेस' हा शब्द प्राचीन ग्रीक-रोमन देवळांसाठी ठीक. आजच्या ख्रिस्ती प्रीस्ट स्त्रीला तो लावणं अपमानाचं वाटतं. 'लेडी व्हिकर' वगैरेही टाळा.

रेगिना योनास १९३५ मध्ये जर्मनीत रब्बी झाल्या. पुढे आउश्विट्झमध्ये त्यांचा अंत झाला. अमेरिकेत सॅली प्रीझँड १९७२ मध्ये रब्बी झाल्या. चर्च ऑफ इंग्लंडने १९९४ मध्ये पहिल्या स्त्रियांना प्रीस्टची दीक्षा दिली, २०१५ मध्ये लिबी लेन पहिल्या स्त्री बिशप झाल्या आणि २०२५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सेरा मलाली यांचं नाव जाहीर झालं. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये स्त्रिया प्रीस्ट होत नाहीत.

त्यांच्या कामांसाठी कोणती क्रियापदं?

नाम बरोबर आणि क्रियापद भलतंच, असं बऱ्याचदा होतं. प्रीस्ट मास 'सेलिब्रेट' करतो किंवा 'से' करतो. पास्टर सर्मन 'प्रीच' किंवा 'डिलिव्हर' करतो. इमाम प्रार्थना 'लीड' करतो. लग्न किंवा अंत्यविधी कोणीही चालवला तरी 'ऑफिशिएट' चालतं. दीक्षा देणं म्हणजे 'ऑर्डेन', आणि ते बहुधा कर्मणी येतं: 'ही वॉज ऑर्डेन्ड इन १९९०'. बिशपला मात्र 'कॉन्सिक्रेट' करतात. मंक आणि नन 'टेक व्हाउज'. पद काढून घेणं म्हणजे 'डीफ्रॉक', समाजातून बहिष्कृत करणं म्हणजे 'एक्सकम्युनिकेट'. पहिलं धर्मगुरूलाच होतं, दुसरं कोणालाही.

उच्चारात आणि स्पेलिंगमध्ये कुठे चुकतं?

'मंक' हा 'मंकी'च्या सुरुवातीसारखा, 'मॉन्क' नव्हे. इंग्रजीत 'रॅबाय' म्हणतात. 'आर्चबिशप'मध्ये 'च', पण 'पेट्रिआर्क'मध्ये 'क'. 'चॅप्लिन' हा प्रसिद्ध विनोदी नटाच्या आडनावासारखाच. 'साम' म्हणजे स्तोत्र. त्याच्या सुरुवातीचा 'पी' उच्चारत नाहीत.

स्पेलिंगमध्ये जोड्या फसवतात. 'प्रॉफेट' आणि नफ्याचा 'प्रॉफिट'. वेदी असलेली 'ऑल्टर' शेवटी 'ए-आर' घेते, बदल करण्याची 'ई-आर'. कॅथीड्रलमधल्या 'कॅनन' या पदाला मधे एक 'एन', तोफेला दोन. लामा गुरूला सुरुवातीला एक 'एल', दक्षिण अमेरिकेतल्या प्राण्याला दोन. पद नावाआधी आलं तर मोठं अक्षर; नावाशिवाय आलं तर बहुतेक वृत्तपत्रं लहान अक्षर ठेवतात.

ज्यांच्यात धर्मगुरूच नाहीत त्यांच्याविषयी काय लिहायचं?

शब्द शोधत बसू नका. नाहीत असंच लिहा. क्वेकर पंथाच्या पारंपरिक सभेत सगळे शांत बसतात आणि ज्याला आतून वाटेल तो उठून बोलतो. बहाई धर्मात पुरोहितवर्ग नाही; कारभार निवडून आलेली मंडळं पाहतात आणि हैफा इथलं नऊ सदस्यांचं 'युनिव्हर्सल हाउस ऑफ जस्टिस' त्यांची सर्वोच्च संस्था. यहोवाज विटनेसेसमध्ये 'एल्डर' असतात, त्यांना पगार नसतो. मॉर्मन चर्चमध्ये 'बिशप' हा नोकरी-व्यवसाय करून बिनपगारी मंडळी सांभाळणारा माणूस, आणि दारावर येणाऱ्या विशीच्या आतबाहेरच्या तरुणाच्या बिल्ल्यावर 'एल्डर' लिहिलेलं असतं. साल्व्हेशन आर्मीत तर 'कॅप्टन' आणि 'मेजर' हेच मिनिस्टर आहेत. त्यांच्या बातमीत लष्कर आणू नका.